रॅपिड एसटीआय टेस्ट: लोक सारखे सारखे विचारतात ते प्रश्न

एसटीआय म्हणजे सेक्समधून पसरणारे आजार, त्यांच्या झटपट टेस्टबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात तेच इथे एकत्र केलेत, काहींची भाषा थोडी साफ केलीय, बाकी जवळपास जसेच्या तसे. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच असतं, रिझल्ट वीस मिनिटांत हातात आला की तो सगळ्याचं उत्तर देतोय असं वाटतं. तसं नाहीये. रॅपिड टेस्ट एका आजाराबद्दल बोलते, शरीरातल्या एका जागेच्या सॅम्पलबद्दल बोलते आणि एका ठराविक तारखेपर्यंत जे घडलं तेवढ्याबद्दलच बोलते. कुठली टेस्ट, कुठलं सॅम्पल, किती दिवसांनी, एवढं विचारायची सवय लागली की खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

१. रॅपिड टेस्ट म्हणजे नक्की काय? लॅबच्या टेस्टपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

सॅम्पल लांब कुठेतरी न पाठवता तुम्ही बसलाय तिथेच टेस्ट होते आणि उठायच्या आत रिझल्ट मिळतो, एवढाच मुख्य फरक. यात दोन घराणी आहेत आणि ती वेगळी ओळखणं महत्त्वाचं आहे. पहिली म्हणजे पट्टीवाली, कोविडच्या घरगुती किटसारखी: रक्ताचा थेंब, त्यावर बफरचे म्हणजे किटमधल्या द्रावणाचे थेंब, पट्टीवर पाणी सरकत जातं आणि रेघा उमटतात. ही पट्टी बहुतेक वेळा जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. दुसरी म्हणजे छोटं मशीन किंवा कार्ट्रिज, त्यात पीसीआरसारखं तंत्र असतं आणि ते थेट जंतूचं डीएनए किंवा आरएनए शोधतं.

खरा फायदा वेगाचा नाहीये, माणूस हातचा न जाण्याचा आहे. सॅम्पल देऊन गेलेले कितीतरी लोक रिपोर्ट घ्यायला परत येतच नाहीत, आणि मग पॉझिटिव्ह रिपोर्ट फाईलमध्ये पडून राहतो आणि आजार पुढे जात राहतो. त्याच भेटीत रिझल्ट आणि त्याच भेटीत औषध झालं तर ही गळती थांबते.

२. कुठल्या कुठल्या आजारांची अशी टेस्ट होते?

पट्टीवर चांगल्या होतात त्या चार: एचआयव्ही, सिफिलिस (जुन्या लोकांच्या तोंडी गरमी किंवा उपदंश), हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच थेंबावर, एकाच पट्टीवर करणाऱ्या ड्युअल टेस्टही आहेत. क्लॅमिडिया आणि गोनोरिया (जुनं नाव परमा) यांना मात्र मशीनवालीच टेस्ट लागते, पट्टी का नको ते प्रश्न १४ मध्ये आहे. ट्रायकोमोनासला दोन्ही प्रकार आहेत, त्याची पट्टी योनीतल्या स्वॅबवर साधारण दहा मिनिटांत होते. हर्पिस (फोड येणारा) आणि एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरशी जोडलेला व्हायरस) यांची गोष्ट वेगळी, प्रश्न २० बघा.

३. वेळ किती लागतो?

एचआयव्हीच्या एका प्रकारच्या टेस्टला जेमतेम एक मिनिट. बाकी पट्ट्या १० ते २० मिनिटं. क्लॅमिडिया-गोनोरियाची नवी छोटी उपकरणं साधारण अर्धा तास घेतात, आधीची कार्ट्रिज मशीन दीड तासाच्या आसपास. दीड तास ऐकून लोक घरी निघून जातात, फोन करा म्हणतात, मग फोन उचलत नाहीत. शक्यतो थांबा.

४. मला काहीच त्रास नाही, जळजळ नाही, पू नाही, काही नाही. मग टेस्ट कशाला करू?

कारण त्रास नसणं हेच या आजारांचं नॉर्मल आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना काहीच जाणवत नाही. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, म्हणून माणूस म्हणतो बरं झालं, आणि जंतू आत तसाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये १५ ते ४९ वयाच्या लोकांत क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चारच आजारांची ३७ कोटी ४० लाख नवी इन्फेक्शन झाली, म्हणजे रोजची दहा लाखांवर. हे चारही औषधाने पूर्ण बरे होतात. दुखायची वाट बघत बसलात तर क्लॅमिडिया-गोनोरिया गर्भनलिकेपर्यंत चढतो आणि मग मूल होताना अडचण येते तेव्हा कुठे कळतं.

५. परवा रात्री कंडोम फाटला. आज टेस्ट केली तर कळेल का? झोप नाहीये.

आजच्या टेस्टमध्ये परवाचं काहीच दिसणार नाही. आज निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ एवढाच की परवाच्या आधी, बऱ्याच आधी, काही नव्हतं. पण आज करायच्या गोष्टी आहेत आणि त्या टेस्टपेक्षा जास्त घाईच्या आहेत.

एचआयव्ही टाळण्यासाठी पीईपी नावाची औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची असतात. परवा रात्र म्हणजे घड्याळ चालू झालंय, हे वाचून झालं की लगेच डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका. पीईपी सुरू करताना एचआयव्हीची रॅपिड टेस्ट करतातच, पण ती परवाचं बघायला नाही, आधीपासून इन्फेक्शन नाहीये ना ते बघायला. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तेही तिथेच विचारा, संपर्कानंतर लवकर घेतलेली लससुद्धा उपयोगी पडते. गरोदर राहायची शक्यता असेल तर इमर्जन्सी गोळीला पाच दिवसांची मर्यादा आहे आणि तीही लवकर घेतलेलीच बरी.

टेस्ट कधी करायच्या ते पुढच्या प्रश्नात.

६. मग कुठली टेस्ट किती दिवसांनी केली की खरी मानायची?

याला विंडो पिरियड म्हणतात, आणि तो प्रत्येक आजाराचा आणि प्रत्येक टेस्टचा वेगळा असतो, म्हणून "तीन महिने थांबा" किंवा "पंधरा दिवसांत कळतं" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत.

एचआयव्ही: शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये केलेली अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट (अँटिजेन म्हणजे जंतूचाच एक भाग) १८ ते ४५ दिवसांत इन्फेक्शन पकडते. बोटाच्या थेंबावरची तशीच कॉम्बो रॅपिड १८ ते ९० दिवस, आणि फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या बहुतेक रॅपिड आणि घरगुती टेस्ट २३ ते ९० दिवस. म्हणजे बोट टोचून केलेल्या टेस्टवर पूर्ण भरवसा ठेवायचा तर ९० दिवस धरा. थेट व्हायरस शोधणारी लॅब टेस्ट १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, ती रॅपिड नाही पण खूप शंका असेल तर डॉक्टर ती सांगतात. पीईपी घेतलं असेल तर हे आकडे तसेच्या तसे लावू नका, औषधामुळे पुढे सरकतात.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया: दोन आठवडे.

सिफिलिस: जखम साधारण तीन आठवड्यांनी येते पण १० पासून ९० दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते, आणि अँटिबॉडी त्यानंतर एक ते चार आठवड्यांत दिसतात. शेवटची टेस्ट तीन महिन्यांनी केली म्हणजे जवळपास निश्चिंत.

हिपॅटायटिस बीचं अँटिजेन सरासरी चार आठवड्यांत दिसायला लागतं, थोडं पुढेमागे होतं. सीची अँटिबॉडी यायला आठ ते अकरा आठवडे, क्वचित त्याहून बरेच जास्त.

७. बोट टोचायची भीती वाटते. तोंडातल्या स्वॅबवाली टेस्ट तितकीच चांगली आहे का?

तितकीच नाही, पण टेस्टच न करण्यापेक्षा कितीतरी चांगली. हिरड्यांवरून फिरवायच्या त्या पट्टीत एचआयव्हीच्या अँटिबॉडी शोधतात आणि तोंडातल्या द्रवात त्या रक्तापेक्षा कमी असतात, त्यामुळे सुरुवातीचं इन्फेक्शन तिथे उशिरा दिसतं. अमेरिकेत २०१२ मध्ये अशी पहिली घरगुती टेस्ट मंजूर झाली तेव्हाच्या अभ्यासात लोकांनी स्वतः केलेल्या टेस्टमध्ये १०० एचआयव्हीग्रस्तांपैकी साधारण ९२ पकडले गेले, म्हणजे बारातला एक सुटला. उलट बाजू मात्र मजबूत होती, ज्यांना एचआयव्ही नाही त्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवायचं प्रमाण अगदी नगण्य. टेस्टच्या आधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, दातही घासू नका.

आणि हो, यावरून "म्हणजे थुंकीतून एचआयव्ही पसरतो का" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. नाही पसरत. ती पट्टी अँटिबॉडी शोधते, व्हायरस नाही.

८. दुसरी रेघ आलीय पण इतकी फिकट की मला दिसते, मित्राला दिसत नाही. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

ठरलेल्या वेळेत दिसली असेल तर फिकट रेघही रेघच. पट्टीवर गडद म्हणजे जास्त आजार आणि फिकट म्हणजे थोडासा, असं काही नसतं. पॉझिटिव्ह धरा आणि कन्फर्म करायला जा.

घोळ होतो तो वेळेत. प्रत्येक किटवर वाचायची एक खिडकी लिहिलेली असते, समजा २० मिनिटांनंतर आणि ४० मिनिटांच्या आत. लोक दहाव्या मिनिटाला बघून निगेटिव्ह म्हणतात, किंवा सकाळी कचऱ्यात टाकलेली पट्टी संध्याकाळी उचलून बघतात आणि वाळल्यावर आलेली सावली बघून हादरतात. उशिरा आलेल्या रेघेला काहीच अर्थ नाही, नवीन किट घ्या. आणि कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघच आली नसेल तर बाकी काहीही दिसो, ती टेस्ट झालीच नाही असं समजायचं.

९. घरी करताना लोक कुठे चुकतात?

सगळ्यात जास्त, थेंब काढताना. बोट पिळून पिळून रक्त काढतात आणि त्यात पेशींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. आधी हात कोमट पाण्यात धुवा, नीट कोरडे करा, हात खाली सोडून थोडा वेळ हलवा, बोटाच्या टोकाच्या मधोमध नाही तर कडेला टोचा. किटमध्ये पहिला थेंब पुसा असं लिहिलं असेल तर पुसा. मग बफर: चार थेंब सांगितलेत तर चारच, आणि एका किटची बाटली दुसऱ्या कंपनीच्या पट्टीला वापरायची नाही, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त चालतो. बहुतेक पट्ट्या २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात, गाडीच्या डिकीत उन्हात पडलेलं किट बाद समजा, आणि फ्रीजमधून काढलेलं किट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाकीट फोडून "नंतर करू" म्हणून ठेवायचं नाही, पट्टी ओल धरते. एक्स्पायरी बघा. वापरलेली सुई जाड डब्यात झाकण लावून टाका, उघडी कचऱ्यात नको, तो कचरा कुणीतरी हाताने उचलतं.

१०. एचआयव्हीची रॅपिड पॉझिटिव्ह आली. संपलं का सगळं?

नाही, आणि अजून निदानही झालेलं नाही. एका रॅपिड टेस्टच्या पॉझिटिव्हला "रिअॅक्टिव्ह" म्हणतात, म्हणजे पुढची टेस्ट करायलाच हवी. हे समजुतीसाठी सांगितलेलं नाही, साधं गणित आहे.

समजा एक टेस्ट आजार असलेल्या सगळ्यांना पकडते आणि आजार नसलेल्या २०० जणांत एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. आता दहा हजार असे लोक घ्या ज्यांच्यात फक्त दहा जणांना एचआयव्ही आहे. दहा खरे पॉझिटिव्ह येतील आणि उरलेल्यांत जवळपास ५० खोटे, म्हणजे सहा पॉझिटिव्हमधला एकच खरा. तीच टेस्ट अशा दहा हजारांवर केली जिथे ५०० जणांना एचआयव्ही आहे, तर ५०० खरे आणि ४८ च्या आसपास खोटे. पट्टी तीच, थेंब तोच, पण पॉझिटिव्हचा अर्थ पार बदलला. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून निदानासाठी लागोपाठ तीन वेगवेगळ्या टेस्ट रिअॅक्टिव्ह याव्यात असं सांगते. तीन वेगळ्या, एकाच कंपनीची एकच पट्टी तीनदा नाही, कारण ती चुकली तर तशीच पुन्हा चुकू शकते.

आणि कन्फर्म झालंच तर: आजचे उपचार रोजच्या गोळीवर आलेत, लवकर सुरू केले तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच मिळतं, आणि औषधाने रक्तातला व्हायरस मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तिथेच राहिला की सेक्समधून तो दुसऱ्याला जात नाही.

११. तीन वर्षांपूर्वी सिफिलिसचं इंजेक्शन घेऊन बरा झालो. आता कुठेही रॅपिड केली की पॉझिटिव्ह. पुन्हा झालाय का?

बहुधा नाही. सिफिलिसची साधी रॅपिड पट्टी ज्या अँटिबॉडी शोधते त्या एकदा आल्या की उपचार झाल्यावरही बहुतेकांत जन्मभर राहतात. ती फक्त "कधीतरी झाला होता" एवढंच सांगते. आत्ता आहे का, हे बघायला आरपीआर किंवा व्हीडीआरएल नावाची रक्ताची टेस्ट लागते, त्यात आकडा मिळतो, टायटर, जसं १:३२. उपचारानंतर तो चौपटीने तरी खाली यायला हवा, म्हणजे १:३२ चा १:८. आणि नंतर तो पुन्हा चौपट वर गेला तर नवीन इन्फेक्शन धरतात, कारण सिफिलिस एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं काही नाही.

तुमच्यासारख्यांनी खरं तर सिफिलिसची साधी रॅपिड करूच नये, थेट आरपीआर मागावी. जुने टायटरचे रिपोर्ट जपून ठेवा आणि दरवेळी दाखवा, आकडा आधी किती होता हे माहीत नसेल तर आजच्या आकड्यावरून डॉक्टरही फार बोलू शकत नाहीत. ड्युअल टेस्टमध्येही हीच अडचण येणार, त्यातला सिफिलिसचा भाग तुमच्या कामाचा नाही.

१२. खाली जखम आहे, दुखत नाही, पण सिफिलिसची रॅपिड निगेटिव्ह आली. म्हणजे सिफिलिस नाही ना?

असं म्हणता येत नाही. जखम आधी येते आणि अँटिबॉडी मागून (प्रश्न ६), त्यामुळे अगदी सुरुवातीला, जेव्हा माणूस सगळ्यात जास्त पसरवू शकतो, तेव्हाच पट्टी कोरी असू शकते. अशा वेळी बघणाऱ्या डॉक्टरचे डोळे पट्टीपेक्षा जास्त खरे. बरेच डॉक्टर जखम बघून तिथेच उपचार देतात आणि टेस्ट दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात, आणि ते बरोबर आहे. "टेस्ट निगेटिव्ह असताना इंजेक्शन का टोचलं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

१३. लघवीची क्लॅमिडिया-गोनोरिया टेस्ट निगेटिव्ह आली, पण माझा सेक्स ओरल आणि मागून होतो. चालेल का?

नाही चालणार. लघवी फक्त मूत्रमार्गाबद्दल सांगते. घशातला गोनोरिया आणि गुदाशयातला क्लॅमिडिया लघवीत उतरत नाही, आणि या दोन्ही जागी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. घशाचा आणि गुदद्वाराचा वेगळा स्वॅब द्यावा लागतो, गुदद्वाराचा स्वतःचा स्वतः घेता येतो.

अडचण अशी की सगळी रॅपिड मशीन या जागांच्या स्वॅबसाठी तपासलेली नसतात. अमेरिकेत औषधं आणि टेस्ट मंजूर करणाऱ्या एफडीएने घसा आणि गुदाशयासाठी क्लॅमिडिया-गोनोरियाच्या पहिल्या टेस्ट मंजूर केल्या त्याही मे २०१९ मध्ये, इतक्या उशिरा. त्यामुळे विचारा, "या मशीनवर घशाचा स्वॅब चालतो का?" नाही म्हणाले तर सॅम्पल लॅबला जाऊ द्या आणि दोन-चार दिवस थांबा. चुकीच्या जागेचा झटपट रिझल्ट घेऊन काय करणार.

आणि हे विचारताना लाजायचं कारण नाही, पण समोरचा स्वतःहून विचारेल अशी आशाही ठेवू नका.

१४. क्लॅमिडियाची पट्टी ऑनलाइन दिसते, प्रेग्नन्सी किटसारखी. घेऊ का?

नको. क्लॅमिडियाच्या अँटिजेन पट्ट्या खूप इन्फेक्शन सोडून देतात, पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी पण निगेटिव्हवर काहीही ठरवता येत नाही. आणि क्लॅमिडियाच्या "रक्ताच्या" अँटिबॉडी पट्टीचा तर आत्ताच्या इन्फेक्शनसाठी उपयोगच नाही. पीसीआर प्रकारचीच टेस्ट करा. घरी वापरायची तशी उपकरणंही आता यायला लागलीत, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये बायकांसाठी क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ट्रायकोमोनास तिन्हीची घरच्या घरी होणारी एक टेस्ट मंजूर झाली, अर्ध्या तासात रिझल्ट देणारी.

१५. लघवी द्यायची की स्वॅब? आणि लघवी कुठली, मधली ना?

बायकांनी योनीचा स्वॅब, स्वतः घेतला तरी नर्सने घेतल्याइतकाच चांगला येतो, आणि लघवीपेक्षा जास्त पकडतो. पुरुषांनी लघवी, पण मधली धार नाही! साध्या लघवीच्या तपासणीत मधली सांगतात म्हणून सवयीने सगळे तीच देतात. इथे उलटं, अगदी पहिली धार हवी, साधारण २०-३० मिली, कारण मूत्रमार्गाच्या भिंतीवरचा ऐवज पहिल्या धारेतच धुऊन येतो. आधीचा किमान एक तास लघवीला गेलेलं नको.

१६. गोळ्या संपून आठवडा झाला, क्लॅमिडियाची टेस्ट परत पॉझिटिव्ह! औषध लागू पडलं नाही का?

टेस्ट फार लवकर केलीत. मशीन डीएनए शोधतं आणि मेलेल्या जंतूंचं डीएनएसुद्धा काही आठवडे सापडत राहतं, मशीनला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही. बरं झालं का ते बघायचंच असेल तर साधारण चार आठवडे थांबा. तशीही सगळ्यांना ही टेस्ट लागत नाही, गरोदर बायकांना लागते, आणि घशातला गोनोरिया असेल तर उपचारानंतर एक-दोन आठवड्यांनी बघतात.

सगळ्यांनी करायची ती वेगळी, तीन महिन्यांनी. ती औषध तपासायला नाही, पुन्हा झालं का ते बघायला, कारण पुन्हा होतंच, आणि बहुतेक वेळा ज्या पार्टनरने औषध घेतलं नाही त्याच्याकडूनच. एका डोसचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस, नाहीतर कोर्स संपेपर्यंत, आणि पार्टनरचाही होईपर्यंत सेक्स नको.

१७. रॅपिड टेस्टमध्ये कळतं का की गोनोरियावर कुठलं औषध चालेल?

रोजच्या वापरातल्या मशीनमध्ये नाही. त्यासाठी कल्चर लागतं, म्हणजे जिवंत जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर औषधं लावून बघतात. गोनोरियाने एकामागून एक औषधं निकामी केलीत, त्यामुळे इंजेक्शन घेऊनही पू थांबला नाही तर पुन्हा रॅपिड करून काही मिळणार नाही, कल्चर मागा.

१८. मी प्रेप घेतो, टेस्टवर परिणाम होतो का? आणि एआरटी चालू असलेल्याने रॅपिड केली तर?

दोन्ही बाबतीत होतो. प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, ते चालू असताना एचआयव्ही झालाच, जे नीट घेतलं तर क्वचितच होतं, तर अँटिबॉडी उशिरा आणि कमी तयार होतात, विशेषतः लांब काळ टिकणाऱ्या इंजेक्शनवर. म्हणून शक्य असेल तिथे प्रेपवाल्यांची लॅबची अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट करतात, गरज पडली तर व्हायरसची. तोंडाच्या स्वॅबवर तर बिलकुल विसंबू नका.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, घेणाऱ्याने "बघू तरी गेला का" म्हणून रॅपिड करू नये. बहुतेक वेळा पॉझिटिव्हच येईल. आणि काहींची, खास करून फार लवकर औषध सुरू केलेल्यांची, निगेटिव्ह येते, आणि ते औषध बंद करतात. व्हायरस गेलेला नसतो, काही आठवड्यांत उसळून परत येतो.

१९. गरोदर आहे. एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट सांगितली, आमच्या घरात असलं काही नाही. करायलाच हवी का?

करा, आणि पहिल्याच तपासणीला करा. ही टेस्ट कुणाच्या चारित्र्याची नाही, सगळ्या गरोदर बायकांना सांगतात. सिफिलिस पोटातल्या बाळापर्यंत जातो, गर्भ पडू शकतो, बाळ मेलेलं जन्मू शकतं, आणि हे सगळं पेनिसिलिनने टळतं. म्हणून गरोदरपणात रॅपिड पॉझिटिव्ह आली तर कन्फर्मेशनची वाट न बघता त्याच दिवशी बेंझाथिन पेनिसिलिनचा पहिला डोस, २४ लाख युनिट, द्यायची पद्धत आहे. एखादीला गरज नसताना एक इंजेक्शन बसेल, ते परवडलं. बाळाचा बचाव व्हायला उपचार बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेला लागतो, म्हणून उशीर नको. नवऱ्याचीही टेस्ट त्याच दिवशी करून घ्या.

आईला एचआयव्ही असेल तर बाळाची रॅपिड १८ महिन्यांपर्यंत काहीच सांगत नाही, आईच्याच अँटिबॉडी बाळात असतात. बाळाला व्हायरसची टेस्ट लागते, ती चार ते सहा आठवड्यांची असताना होते.

२०. हर्पिस आणि एचपीव्हीची रॅपिड का नाही करत कुणी?

हर्पिसच्या रक्ताच्या अँटिबॉडी टेस्ट खोट्या पॉझिटिव्ह बऱ्याच देतात आणि तोंडावर येणाऱ्या प्रकाराच्या अँटिबॉडी तर जगातल्या बहुसंख्य लोकांत असतात, त्यामुळे त्रास नसलेल्याने ही टेस्ट करून फक्त काळजी विकत घ्यायची. फोड आलेला असताना त्यावरचा स्वॅब घेऊन पीसीआर, हेच खरं निदान. एचपीव्हीची टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टाळायला असते, तासाभरात करणारी मशीनही आहेत, पण "मला कुणाकडून आला" हे शोधायला ती नाही. पुरुषांसाठी तपासणीची मान्य टेस्ट नाही.

२१. हिपॅटायटिस सीची पट्टी पॉझिटिव्ह. लिव्हर गेलं का?

ही पण सिफिलिससारखीच, अँटिबॉडी कायम राहते (प्रश्न ११). साधारण दहातल्या तिघांचा व्हायरस पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो तरी त्यांची पट्टी पॉझिटिव्हच. आरएनए टेस्ट करा, आता बोटाच्या थेंबावर तासाभरात करणारं मशीनही आलंय. व्हायरस सापडला तरी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात.

२२. बायकोला ट्रायकोमोनास निघाला, माझी लघवीची टेस्ट निगेटिव्ह. मग तिला आला कुठून?

हा प्रश्न कुणी शांतपणे विचारत नाही. टेस्ट कुणी कुणाला दिला ते सांगत नाही आणि कधी आला तेही सांगत नाही. ट्रायकोमोनास महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त, काही त्रास न देता राहू शकतो, म्हणजे तुमच्या लग्नाच्या आधीपासूनही असू शकतो, दोघांपैकी कुणाकडेही. पुरुषांत तो पकडणं अवघड असतं, कधी आपोआप जातोही, आणि रॅपिड टेस्ट बऱ्याचशा बायकांच्या स्वॅबसाठीच बनवलेल्या असतात, पुरुषाच्या लघवीवर त्यांचा भरवसा नाही. तुमची निगेटिव्ह काहीही असो, औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं.

२३. पार्टनर म्हणतो माझ्यासमोर आत्ताच्या आत्ता किट कर, नाहीतर ब्रेकअप.

टेस्ट तुमच्या मर्जीनेच व्हायला हवी, जोडीदार असो, घरचे असोत की नोकरी देणारा, जबरदस्ती कुणाचीही नको. मारहाणीची भीती असेल तर घरी करू नका, एकट्याने क्लिनिकमध्ये जा, तिथे रिझल्ट फक्त तुम्हाला सांगतात आणि पुढे कसं सांगायचं याला मदतही मिळते.

२४. आम्ही दोघांनी टेस्ट केली, दोघं निगेटिव्ह. आता कंडोम सोडला तर चालेल?

दोघांचा शेवटचा दुसऱ्या कुणाशी संबंध कधी आला ती तारीख आधी काढा, ज्याची अलीकडची असेल ती धरा. तिथून बोटाच्या थेंबाची एचआयव्ही आणि सिफिलिस ९० दिवसांनी, आणि क्लॅमिडिया-गोनोरिया दोन आठवड्यांनंतर, ज्या ज्या जागी सेक्स होतो त्या त्या जागेच्या सॅम्पलवर. फक्त एचआयव्हीची पट्टी करून "सगळं क्लीन" म्हणणारे खूप भेटतात, त्यांनी बाकी काही तपासलेलंच नसतं. हिपॅटायटिस बीची लस दोघांची झालेली असू द्या. या मधल्या तीन महिन्यांत कंडोम चालूच ठेवायचा, आणि कुणाचा बाहेर संबंध आला तर तारीख पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मूल नको असेल तर कंडोम सोडायच्या आधी दुसरं साधन ठरवा, ते टेस्टच्या गडबडीत नेहमी राहून जातं.